आमच्या ह्यांची दूरदृष्टी

युद्धाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि साखर रांगेत मिळत होती. घड्याळजींची नात कार्ड घेऊन उभी होती. परवा, बुधवारी, एका निनावी पत्रावरून पोलिसांनी तिच्या आजोबांना हेर म्हणून पकडून नेलं होतं. पुढे शिंपीणबाई नर्सबाईंशी बोलत होत्या. मागे कोण उभं आहे, हे बघायला त्यांना फुरसत नव्हती.

"आरशाने शत्रूच्या विमानांना खुणा करायचा मेला!"

"त्यांना चार हातांवरचं दिसत नाही, विमान कुठून दिसणार?"

"सोंग हो सगळं! पत्रात साफ लिहिलंय, आरशाच्या डाव्या कोपऱ्याला तडा आहे म्हणून."

"पत्र तुम्ही वाचलंत?"

"छे! कानावर आलं."

"बरं. दुकानाचं काय आता?"

"आमचा भाचा घेतोय. जागेच्या मालकाशी सोमवारीच बोलणं झालं."

"घड्याळजींना तर बुधवारी नेलं."

"आमच्या ह्यांना दूरदृष्टी आहे हो!"

नातीचे कान तापले.

"नर्सबाई, माझी जागा धरता? मी पोलीस चौकीत जाऊन येते."

शिंपीणबाई गर्रकन वळल्या. "अगं बाई, तू! चौकीत कशाला?"

"तुमच्या ह्यांची दूरदृष्टी सांगायला."

"थांब, मीही येते," नर्सबाई म्हणाल्या. "जागा काय, शिंपीणबाई धरतील."

चौकीत दोघींचं ऐकून घेतलं, दुकानाच्या जागेच्या मालकाला बोलावलं. दिवेलागणीआधी आजोबा घरी आले. चौकीतल्या ज्या बाकावरून ते उठले, त्याच बाकावर शिंपी येऊन बसले होते.