हात उचलला, तर

—नाही साहेब, तसं नाही होत. बुधाजीला नोकरीवरून काढलं, म्हणून त्यानंच त्या दीपकचं डोकं फोडलं, असंच म्हणताय ना तुम्ही? बसा, सांगते. दादरच्या कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंय मी, आणि ही चूक दर वर्षी निम्मा वर्ग करायचा. हॉस्पिटलचा नियम काय, तर वॉचमननं पेशंटच्या नातेवाइकावर हात उचलला, तर नोकरी जाते. बरोबर. बुधाजीची गेली. तेही बरोबर. पण म्हणून त्यानं हात उचलला, हे कुठून आलं? नोकरी दुसऱ्या कशानंही जाऊ शकते की. त्याची गेली ती दाराला चावी लावली म्हणून. तेवढं लिहून घ्या आणि सोडा त्याला, कालपासून चौकीत बसवून ठेवलंय त्या म्हाताऱ्याला.

मला कसं माहीत? नियम मीच केलेत. हॉस्पिटलचा ॲडमिनिस्ट्रेटर, सौमित्र, माझा विद्यार्थी. परळला कॅज्युअल्टीत डॉक्टरांना मार पडायला लागला, तेव्हा इथंच येऊन बसला, या खुर्चीत, म्हणाला, बाई, आमच्या एथिक्स कमिटीवर या, अशी पद्धत बांधून द्या की कुणाची मर्जीच चालणार नाही. आवडलं मला ते — रिटायर झालेल्या बाईला कुणी विचारलं की आवडतंच. मी वाक्यं लिहिली. धोका असेल, तर लाल बटण. बटण दाबलं, तर कॅज्युअल्टीचं दार आपोआप बंद, म्हणजे बाहेरची गर्दी आत येणार नाही. ते दार परवानगीशिवाय कुणी उघडायला गेलं, तर नोकरी गेली. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, कुठे फट नाही. सौमित्रनं फळ्यावर गोल काढले, बाण काढले — गर्दी, आरडाओरडा, बटण, दार. छान दिसत होतं. माणूस गेला तर घरच्यांना कोण जाऊन सांगणार, तो गोल तेवढा कुणी काढला नाही. त्यानं नाही, मी पण नाही.

तर दीपकनं आईला आणलं त्या दिवशी, मालनबाई, लालबागच्या, छातीत दुखतंय म्हणून. आई आत, हा सकाळभर बाहेर बाकावर. ती गेली हे त्याला कळलं कसं, तर वॉर्डबॉयनं येऊन विचारलं, बॉडी गावाला नेणार की इथंच? माझ्या आईचं असं कुणी विचारलं असतं तर मीही— ते नका लिहू.

तो आत घुसला, मागून त्याचे मित्र. सलाइनचा स्टँड उचलून आधी कॅमेरा फोडला, मग औषधांचं कपाट. मग समोर श्रेया, शिकाऊ डॉक्टर, एवढीशी पोर. तिनं बटण दाबलं. दार बंद झालं, अगदी मी लिहिलं होतं तसं — फक्त धोका आत आणि तीही आत. मी कमिटीच्या मीटिंगला आले होते, बाहेर पॅसेजमध्ये होते, दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तोंड ट्रॉलीच्या कडेवर आपटलं. परत आपटलं. काच जाड, आवाज नाही हो येत — तोंड उघडलेलं दिसायचं आणि ऐकू काहीच नाही. दुसरा पोटात लाथा घालत होता. बुधाजी म्हणाला, "बाई, उघडू?" मी म्हटलं, "थांब, विचारते." सौमित्रला फोन लावला. एंगेज. परत लावला. तोवर तिचं डोकं येऊन काचेवर आदळलं, माझ्या तोंडासमोर, आणि घसरत खाली गेलं, मागे लाल पट्टा. बुधाजी म्हणाला, "गेली खड्ड्यात नोकरी," आणि चावी घातली. फिरेना. बटण दाबलेलं असताना चावी चालत नाही. तेही वाक्य माझंच.

एवढंच त्यानं केलं. चावी लावली.

काच? काच फुटली. आग विझवायचा तो लाल सिलिंडर असतो ना भिंतीवर — जड असतो, या वयात छातीशी धरूनच न्यावा लागतो — त्यानं फुटली, साबुदाण्यासारखी सांडली सगळीकडे. मित्र पळाले. दीपक नाही पळाला. तिच्या छातीवर बसून गळा दाबत होता, रडत होता आणि दाबत होता. बुधाजी तिला खांद्यांना धरून खालून ओढत होता, दोन्ही हातांनी. मग सिलिंडर धरायला तिसरा हात कुठून आणणार तो? झालं सिद्ध.

कुणी मारलं, हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर मी देते असं म्हटलेलं नाही. हा खांदा होय, काही नाही, असाच धरलाय.

पहिल्या फटक्यातच सुटला हो गळा. श्रेया खोकली, ते ऐकू आलं मला. तिथं थांबायचं होतं. तुमचा कायदाही तिथपर्यंत येईल बरोबर, जीव वाचवायला मारलं म्हणेल. तो उताणा पडला होता, डोळे उघडे, "आई गं" म्हणाला. आणि मी परत उचलला. का? पोर सुटली होती, धोका नव्हता, कुठल्याच वाक्यातून ते निघत नाही, मी दोन रात्री मांडून बघतेय. राग पण नव्हता शेवटी. आत काहीतरी फुटलेलं हाताला कळलं आणि बरं वाटलं, साहेब. मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा उचलत होते, तेव्हा बुधाजीनं पोरीला सोडून माझं मनगट धरलं, म्हणाला, बाई, पुरे, मेला तो.

मेला नाही पण. आयसीयूत आहे ना?

साहेब?

कधी गेला?

बरं. बसा जरा. साडी बदलून येते.