गोळीच्या दिवसांतला नवरा

अनैसर्गिक? हा शब्द कोणी घातला, तुम्ही? — नाही, परत वाचा. माझ्या जबानीतला सातवा मुद्दा परत वाचा. ‘गोळी सुरू झाल्यानंतर पतीला पत्नीविषयी अनैसर्गिक व अतिरिक्त ओढ वाटू लागली.’ वा! वकीलबाई, तुमचं लग्न झालंय ना? — झालंय. मग तुमच्या नवऱ्याला तुमची ओढ वाटली तर तुम्ही काय करता, डॉक्टरला फोन लावता? — हसू नका. हसण्यासारखं मी काही बोलले नाही. आणि जरा हळू. हे आतल्या खोलीत बसलेत. थरथरतात ते हात, कान शाबूत आहेत त्यांचे.

बाकीचं लिहा की, मी कुठे नाही म्हणते? हाताच्या थरथरीवर गोळी दिली आणि गोळीने जुगाराचा नाद लावला, लिहा. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने खुर्चीत बसलेलं, गालावरचा फेस वाळून चाललेला, आणि आमचे हे मागच्या बाकड्यावर मोबाईलमधल्या पत्त्यांत मान खुपसून — लिहा. दुकान गेलं, लिहा. नणंदेने विश्वासाने आमच्या कपाटात ठेवलेल्या बांगड्या गेल्या, ते तर ठळक लिहा. गिऱ्हाईकाची विसरलेली छत्री वर्षभर खुंटीला टांगून ठेवणारा माणूस हा! त्याने सख्ख्या बहिणीच्या बांगड्या विकल्या. आणि कंपनीला सगळं ठाऊक होतं, तुम्हीच म्हणालात — दुसऱ्या देशांत त्याच गोळीच्या खोक्यात कागद असतो, जुगाराचा नाद लागू शकतो, घरच्यांनी लक्ष ठेवावं. आणि आमच्या खोक्यातल्या कागदावर काय होतं? तोंडाला कोरड पडेल! घर धुऊन निघालं आणि म्हणे कोरड पडेल. त्यांना कोर्टात उभं करा, उलटं टांगा, मी टाळ्या वाजवीन. पण सातवा मुद्दा काढा. काढा म्हणजे काढा, खोडलेलं नको मला, नवा कागद करा.

का नाही निघणार? — समोरचा वकील काय म्हणेल? — हां. हा माणूस मुळातच जुगारी, गोळीवर कशाला ढकलता. म्हणून माणूस सगळा बदलला होता असं दाखवायचं. एक नाही, चार गोष्टी बदलल्या होत्या, म्हणजे ते गोळीचंच. आलं लक्षात, मी काही खुळी नाही. पण मग वाईट ते गोळीचं आणि चांगलं ते माणसाचं, असं का लिहिता येत नाही? — कोर्ट मानणार नाही. कोर्टाला काय कळतंय! कोर्टाने संसार केलाय का ह्यांच्याबरोबर?

ऐका आता. तुम्हाला वाटतं ते गोळीचं होतं. मी सांगते ते ह्यांचंच होतं. आमच्या ह्यांना सगळे घुम्या म्हणायचे. जगात न बोलणारा न्हावी एकच असेल आणि तो माझ्या वाट्याला आला. घरी बोलणं म्हणजे ‘मीठ कमी आहे’ आणि ‘दिवा घालव’. संपलं. गावभरच्या डोक्यांवरून हात फिरवून यायचे आणि घरी दमून झोपायचे, मी आपली भिंतीकडे तोंड करून — ते राहू दे. तर गोळी सुरू झाली, हात थांबले, आणि एका दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले तर ह्यांनी शटर ओढलं. म्हटलं, अहो, गिऱ्हाईक? तर म्हणतात, आज तूच. मला खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते, बाई, झाडताना तिच्या पायांखालचे केस तेवढे काढायची मी. केस धुतले माझे. बोटं अशी कानामागून फिरवली सावकाश, आणि बोलत होते, सारखे बोलत होते — माझ्या मानेवर तीळ आहे हे त्यांना लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं म्हणे! इतकी वर्षं माहीत असून बोलले नाहीत. आता मला सांगा, हे गोळीने सांगितलं? गोळीला काय माहीत माझा तीळ? आतमध्ये होतंच ते. गोळीने फक्त झाकण काढलं.

मग सारखंच सुरू झालं — भाजी चिरताना मागून येऊन उभं राहायचं, भर दिवसा दाराला कडी, मी ओरडायची, अहो, आपलं वय काय — ओरडायची आपली, मनातून कुठे... हे लिहू नका. पेन खाली ठेवा आधी.

आधी? गोळीच्या आधी कधी? — असेल की. सुरुवातीला, लग्न नवं होतं तेव्हा... नाही. तेव्हाही नाही. पण माणसाच्या मनात असतं, बोलून दाखवत नाही म्हणून काय — आणि गोळी बंद केल्यावर? केल्यावर काय, केल्यावर हात परत थरथरायला लागले, दुकान गेलेलं, बिचाऱ्याला कसलं सुचतंय — काल मी मुद्दाम जवळ जाऊन बसले. तर हे बाजूला सरकले. तुला जागा पुरत नाही का, म्हणाले.

काय बघताय?

उचला की आता ते पेन, लिहा. तुम्हाला हवं होतं ते मिळालं ना? आधी कधी नाही, नंतर कधी नाही. माझ्याच तोंडून. आता दया दाखवताय होय? ती तुमच्या फायलीत ठेवा, मला नको.

आणि सही नाही केली तर? — तर जुगारही ह्यांचाच ठरेल. ठरू दे, असं म्हणणार होते मी. पण बेल वाजली की हे आत पळतात, बघितलंत ना मघाशी? बहीण आली असेल म्हणून पळतात. ती येत नाही हो. दारातच सांगून गेलीय — कोर्टाने म्हणू दे की गोळीने केलं, मी स्वतः त्याच्या पाया पडायला येईन, तोवर मला भाऊ नाही. आणि हे भिंतीकडे बघून म्हणतात, औषधाला कशाला दोष, चोर तो चोर. कोर्टाशिवाय ह्यांची मान वर व्हायची नाही, आणि मान वर व्हायला हवी तर माझ्या वाट्याला आलं तेवढं सुख दुखणं म्हणून लिहून द्यायचं. छान तोललंय तुमच्या कायद्याने.

आणा इकडे. कुठे, इथे? — घ्या. पूर्ण नावाने केलीय.

एक ऐका, आणि हे विचारत नाहीये, बजावतेय. ह्यांना बाकीचे सगळे मुद्दे वाचून दाखवा, सातवा नाही. कोर्टात ह्यांच्यासमोर तो वाचला गेला तर तुमची खैर नाही. — का म्हणजे? जुगाराची माफी मागतात हे. जेवताना मागतात, उठताना मागतात, बांगड्यांची मागतात, दुकानाची मागतात. तेही दुखणंच होतं असं कोणी सांगितलं आणि ह्यांनी त्याचीही माफी मागितली, तर मी कुठे जाऊ?

उठा. चहा नाही मिळायचा.