लाल गोल

(स्वयंपाकघर. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलंय. सून, तिचे निवृत्त शिक्षक सासरे आणि टेबलाखाली खेळणारी तीन वर्षांची ठकी.)

सून : म्हणून म्हणते, आजपासून गहूही बंद.

आजोबा : गहूही? अगं, मग पोरीनं खायचं काय? केळं गेलं, अंडं गेलं, गाजर गेलं. वजनाचा काटा तीन महिने जागचा हलला नाहीये.

सून : मला काय हौस आलीय, बाबा? हे बघा. गुरुवारी पाव खाल्ला, गुरुवारीच कोपरं लालेलाल. रविवारी अंडं खाल्लं, रविवारीच पोट बिघडलं. त्रास झाला त्या दिवसाभोवती लाल गोल, आणि त्या दिवशी खाल्लं ते यादीतून बाद.

आजोबा : पण डॉक्टर तर गायीच्या दुधाचं म्हणाले होते.

सून : ते बंद करून महिना झाला की! दूध, दही, लोणी, चीज, काही नाही. शेजारीण म्हणाली शेळीचं द्या, तर डॉक्टर म्हणाले तेही नको. तरी हे गोल आहेतच. म्हणजे दूध नव्हेच ना ते? शेजारच्या बाळाचे ओठ दूध लागल्याबरोबर सुजतात. हिला तसं एकदाही झालं नाही. माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

आजोबा : डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते? आठव जरा.

सून : ठकीनं भोकाड पसरलं होतं तेव्हा. म्हणाले, हिची ॲलर्जी उशिरा दिसणारी. काही तासांनी दिसेल, कधी दोन-तीन दिवसांनीही.

आजोबा : मग त्याच दिवसाचं जेवण तू बाद कसं करतेस?

सून : ...आता तुम्ही आणखी घोळ घालू नका हं.

आजोबा : घोळ नाही, गणित घालतोय. पेन्सिल दे. प्रत्येक गोलापासून एक घर मागे जाऊ. बुधवार, शनिवार. काय खाल्लं?

सून : भात, बटाटा. शनिवारी सफरचंद. ते तर रोजच असतं.

आजोबा : हं. म्हणजे नाही जमलं. थांब, दोन घरं मागे. मंगळवार. शुक्रवार. पुन्हा मंगळवार... पुन्हा शुक्रवार! आणि पहिले दोन आठवडे तर कोरेच आहेत.

सून : तेव्हा किती छान होती ती! शांत झोपायची, खाजवायची नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण मंगळवार-शुक्रवारी असतं काय आपल्याकडे? मी कामावर. घरी तुम्ही आणि ही.

आजोबा : माझी शिकवणी. शाळेला सुट्टी होती ते दोन आठवडे मुलं आली नव्हती.

सून : बघा! त्यातलंच कुणीतरी भरवत असणार हिला. चॉकलेट, आइस्क्रीम...

आजोबा : नाही गं. डबे दाराबाहेर ठेवायला लावतो. हातसुद्धा साबणानं धुवायला लावतो. माझ्या वर्गात कोणी काही...

सून : काय झालं? बाबा?

आजोबा : तो खडूचा डबा आण बरं, फडताळातला.

सून : उद्या डॉक्टरांकडे जायचंय, त्यात खडू कुठून आले?

आजोबा : खडू नाहीत त्यात. बक्षीस आहे. बरोबर उत्तराला एक बिस्कीट. ठकी दहापर्यंत मोजते ना, मग तिलाही अर्धं. पण खारं आहे गं! मुद्दाम खारं घेतलं. दूध आपलं गोडात असतं, असं धरून चाललो मी.

सून : पुडा कुठाय? दाखवा. मैदा, तेल, मीठ, यीस्ट... व्हे पावडर.

आजोबा : म्हणजे?

सून : दुधाचीच ती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या नंबरला हेच नाव आहे बघा. घरातल्या प्रत्येक पुड्यावर शोधलं मी.

आजोबा : आणि माझा पुडा खडूच्या डब्यात रिकामा झाला. ...रागाव गं.

सून : रागावू कोणावर? मी गाजराला गुन्हेगार ठरवून बसले. बिचारी पोर भात-बटाट्यावर आली. पण हेच आहे, असं तरी कुठं नक्की? उद्या आणखी काही निघालं तर?

आजोबा : नक्की ते डॉक्टरांनाच विचारू. केळं, अंडं परत द्यायचं का तेही. आपण घरच्या घरी आता काहीच बंद करायचं नाही आणि सुरूही करायचं नाही. उद्याचीच वेळ आहे ना?

सून : हो. बिस्किटाचं सांगावं लागेल त्यांना.

आजोबा : मी येतो. बोट वर करून सांगतो, चूक माझी.

सून : आणि मी काय सांगू? दूध बंद करून महिना झाला म्हणून?

आजोबा : महिना कुठला, आज पहिला दिवस.

ठकी : आजोबा, मी मोजलं! सात, आठ, नऊ, दहा! बक्षीस?

आजोबा : बक्षिसाचा डबा चुकला बाळा, आजोबांचा.

ठकी : मग?

आजोबा : मग काय, बस इथं मांडीवर. पुन्हा एकपासून मोजू. तुझी आईही मोजेल.