हुबेहूब फोटोतली पाहुणी

ऐका. ज्यांनी ज्यांनी घरच्या खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्यात, त्यांनी जरा पुढे सरकून बसा. गोष्ट तुमच्याच कामाची आहे.

शाल्मली धुरीला झोप लागत नसे. कशामुळे? तर पाहुण्यांमुळे. नवरा दिगंबर बोटीवर नोकरीला. घरात ती आणि सहा वर्षांची रेवा. पोफळीच्या बागेकडच्या दोन खोल्या तिने पाहुण्यांना द्यायला काढलेल्या. दिवसा हौस वाटायची, अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधडायचं. भिंतीपलीकडे घोरतंय ते कोण? नाव सांगितलं ते त्याचंच कशावरून? म्हणून ती प्रत्येकाकडून आधी ओळखपत्राचा फोटो मागवायची, आणि माणूस दारात आला की मोबाइल त्याच्या तोंडाशेजारी धरून ताडून बघायची. एकदा दिगंबरचे सख्खे मामा आले. ते वहाणा काढतायत तोवर हिने सवयीने हात पुढे केला, "कार्ड?" मामा हसले. गाव मात्र नंतर कितीतरी दिवस हसत होतं. शेजारच्या कुंदाकाकी म्हणाल्या, "गो बाये, चवथीक गणपतीकडे पण मागशीत." शाल्मलीलाही वाटायचं, शिकून शिकून आपण नुसत्या भित्र्याच झालो की काय.

आणि एक. रेवालाही तिने पढवून ठेवलं होतं. कुणी म्हणालं आईने पाठवलंय, बाबांनी पाठवलंय, अगदी मीच आई म्हणालं, तरी कडी काढायची नाही. आधी विचारायचं, माझ्या म्हशीचं नाव काय? रेवाची म्हैस म्हणजे दोरी बांधलेली करवंटी. तिचं नाव जगात दोघींनाच ठाऊक.

तर त्या दिवशी सांगलीच्या विद्या मगदूम म्हणून एक बाई यायच्या होत्या. कार्डाचा फोटो आलेला होता. दिवेलागण झाली, बाई आल्या नाहीत. बाहेर अंधार दाटला. आणि घरामागे, व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणाऱ्या पाणंदीतून हाक आली.

"अहो, आहे का कुणी? वाट दिसत नाही मला."

आता आपल्याकडे रीत काय? काळोखात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या नाही. तिसरी आली तर माणूस, नाहीतर ते दुसरं. आपल्या जुन्या माणसांची कार्ड बघायची रीत होती ती. आणि जगाकडे कार्ड मागत फिरणारी ही बाई, हिने पहिल्याच हाकेला ओ दिली. पाहुणी खोळंबली असं वाटून लाजली बिचारी.

"आले हं," म्हणाली. रेवाला म्हणाली, "आतून कडी घाल. ही गेले, ही आले." बॅटरी घेतली आणि निघाली.

पाणंद केवढी? हाकेच्या अंतराची. दोन्हीकडे गडगे, चिऱ्याच्या बुटक्या भिंती, मध्ये ओली पानं. खाली फणसाच्या खोडापाशी बाई उभी. हातात पिशवी. शाल्मलीने मनातल्या मनात स्वतःला दहा शिव्या घातल्या, पण सवय जाते कुठे? मोबाइल काढला. फोटो बघितला. बॅटरी बाईच्या तोंडावर धरली.

चेहरा जुळला.

ऐका हं, इथे नीट ऐका. चेहरा जुळला, आणि तिथेच शाल्मली एक पाऊल मागे सरली. किती पाहुणे येऊन गेले, पण कार्डावरच्या फोटोसारखं दिसणारं माणूस तिने अजून पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलंय? फोटोत आपण सगळेच चोर दिसतो. ही बाई मात्र हुबेहूब. तोच राखाडी रंग. तेच न मिटणारे डोळे. फोटोत डावा कान चौकटीबाहेर गेला होता. हिलाही डावा कान नव्हता. जिथे चौकट संपत होती, तिथे बाई संपत होती.

"चला ना घरी," बाई म्हणाली. ओठ हलले नाहीत.

शाल्मली वळली. धावली. गडगा, वळण, पुन्हा गडगा, आणि समोर फणसाचं खोड. पुन्हा धावली. पुन्हा खोड. बाई तिथे नव्हती आता. मग वरून, घराच्या अंगाने, आवाज आला.

"रेवा, दार उघड गं. मी आई."

तो आवाज शाल्मलीचा होता. नुसता आवाज कसला, लेकीला हाक मारताना ती शेवटी जो किंचित हेल काढते, तो हेलसुद्धा.

तिने ओरडून बघितलं. घशातून हवा नुसती. पाय मात्र खोडाभोवती फिरत होते. चकवा. आणि चकव्यात काय करायचं असतं? धावायचं नाही. खाली बसायचं, हे लहान पोरही सांगेल. पण लेकीच्या दारात ते उभं असताना बसायचं कसं, सांगा? तरी ती बसली. ओल्या पानांवर, दात आवळून. बसली म्हणून तिला ऐकू आलं.

"माझ्या म्हशीचं नाव काय?" आतून रेवा.

बाहेरून, "गौरी."

"चूक."

"दार उघड बाळा. आई भिजलीय."

"नाव सांग ना."

मग दिगंबरच्या आवाजात, "रेवू, बाबा आलाय बघ बोटीवरून."

"बाबाला माहीतच नाहीये," रेवा म्हणाली.

मग रडणं. शाल्मलीच्याच आवाजात, हुंदके देऊन रडणं. मग रेवाचा आवाजही बारीक झाला, ऐकूच येईना. शाल्मली बसून होती. सगळ्या देवांची नावं संपली तशी ती नुसती "नको उघडू, नको उघडू" म्हणत राहिली. आणि एकदम रडणं थांबलं. समोर वाट होती. सरळ, नेहमीची.

ती खळ्यात, दारापुढच्या अंगणात, पोचली. दार बंद. "रेवा, मी आई."

"म्हशीचं नाव?"

आणि बघा, नाव आठवेना. डोकं कोरं. स्वतःच्या दारात स्वतःची ओळख पटवता येईना. डोळे मिटले तेव्हा कुठे ती दोरीवाली करवंटी दिसली. "चंपी," ती म्हणाली. कडी निघाली.

तेवढ्यात पुढच्या रस्त्याने कुंदाकाकी बॅटरी घेऊन आल्या, बरोबर घामाघूम झालेल्या एक बाई. "बस फेल झाली म्हणान माझ्याकडे चौकशी करूक इली." बाईंनी न मागता कार्ड पुढे केलं. फोटोशी काडीचं साम्य नव्हतं. शाल्मलीने त्यांचे दोन्ही कान बघितले आणि रडत रडत त्यांना मिठी मारली. कडीचे, चंपीचे, गाव हसलं त्या चिवट सवयीचे तिने मनोमन पाय धरले. आज तरी शांत झोप लागणार, असं तिला वाटलं.

तुम्ही मात्र व्हाळाकडच्या पाणंदीने अंधार पडल्यावर जाऊ नका. कुणी कितीही गोड हाक मारो.

आणि हो, एक राहिलंच. त्या रात्री रेवाला कुशीत घेऊन शाल्मली म्हणाली, "शहाणी गं माझी. काही म्हणजे काही सांगितलं नाहीस तिला."

रेवाने आईच्या पदरात तोंड लपवलं. मग म्हणाली, "खूप रडत होती गं ती. म्हणून मी पहिलं अक्षर सांगितलं. फक्त पहिलंच."