प्रागची गाईड

रोल्लाच्या स्टँडवर दुबईला जाणाऱ्या टॅक्सीची रांग काही हलेना, तेव्हा हेमाचे कान आपसूक पुढच्या दोघांच्या मराठीकडे लागले.

"लॅन्सी, बारा वर्षं टूरिस्टांना दुबई दाखवतोयस. तू प्रागमध्ये काय पाहिलंस?"

"आमची गाईड. सत्तरीची बाई, पण दिवसभर छत्री उंच धरून सगळ्यांच्या पुढे!"

"अरे, शहर कसं होतं?"

"एक नंबर! पण माझ्या बायकोने, एडनाने, एका पुतळ्याचं विचारलं, तर म्हणाली, मला माहीत नाही."

"गाईड असून?"

"पण संध्याकाळी शोधून काढून तिने हॉटेलवर फोन करून सांगितलं. नाहीतर मी! तोंडाला येईल ते ठोकून देतो."

"अजूनही?"

"काल एका गोऱ्याने खाडीतल्या आपल्या होडीवाल्याचं नाव विचारलं. नेहमीसारखं अब्दुल म्हणणार होतो."

"मग?"

"बारा वर्षांत पहिल्यांदा होडीवाल्यालाच विचारलं."