सातेरीकडे मागितलेला वारा

नाही, नाही, पिशवी राहू दे तिथंच, आधी चहा घ्या सर. पोई कालची नाही, आत्ताच पाववाला पोदेर देऊन गेला. आमच्या गौरवीची पतंग शिकवायची परीक्षा घ्यायला पुण्याहून मांद्र्याला यायचं, आणि चार दिवस सपाट समुद्र बघत बसायचं—वाईट वाटतं हो. एप्रिलात असं नसायचं. जेवणं आटोपली की उत्तरेचा वारा सुटायचा, दोरीवरचे कपडे धरताना पुरेवाट व्हायची. आता तुमचे ते माणसाला पाण्यावर ओढणारे पतंग वाळूत लोळतायत. काल परीक्षेला आलेले ते दिल्लीचे दोघे पत्ते कुटत होते, मलाच विचारतात, आंटी, वारा कधी? मी का अडवलाय?—हसू नका सर. अडवला असेलही.

गेल्या वर्षी वाऱ्यानं पोरीला ओढत थेट पुढच्या गावच्या किनाऱ्यापर्यंत नेलं, होडीवाल्यांनी आणून सोडली. तेव्हा सातेरीला म्हटलं, आई, वारा कमी कर, तुझी ओटी भरीन. एवढं माफ असतं ना आईला? काय म्हणता—वारा वर्षानुवर्षं कमीच होतोय? गौरवीही तेच सांगते, मोबाईलवर रेघा दाखवते. असेल. पण तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेले देवळात. पुजाऱ्यानं देवीला पाकळ्या लावल्या, मी मनात विचारलं, परीक्षेपुरता वारा थांबेल ना? उजवी, होकाराची पाकळी लगेच खाली! पुजारी म्हणतो, वहिनी, कौल मिळाला, पोर पास! मी काय मागितलं ते त्याला कुठं ठाऊक! तीच पाकळी घरी आणून तिच्या केसांत खोवली.

बुडायची भीती? छे हो, पाणी ती माझ्यापेक्षा ओळखते. पास झाली की रामेश्वरमला नोकरी—तिथं वारा भरपूर, म्हणे. हे मुरगावला बंदरावर, रविवारचे घरी. मग मी कुणाला वाढू?...बघा, हे बोलायचं नव्हतं. काल म्हणते, आई, एवढे उपास करतेस, एक माझ्यासाठी धर. आज धरलाय. सकाळी देवीला म्हटलं, मागितलेलं परत घे. पाकळी उजवी नाही, डावी नाही—चिकटून बसली.

दोन दिवस थांबाल?...हो, तिकीट. पावसाळ्यानंतर याल, पण तोवर रामेश्वरमची ती जागा थोडीच राहणार.

अंगणात पतंगाची घडी घालतेय बघा. तुम्हाला सांगून मी मोकळी झाले, तिचं काय? उठा सर, गाडी आलीय. गौरवी, ते राहू दे, आत ये गो बाय—सर, उभे राहू नका, जा तुम्ही. हे तिला सांगताना मला कुणी नको.