बावीस मिनिटं

ताई : नाही, 'रुग्णवाहिका ट्रॅकवर हजर होती' असं मी अपघाताच्या अहवालात लिहिणार नाही. कुठे होती रे?

आयोजक : परत येत होती ना? वाटेत होती म्हण.

ताई : सकाळी त्या मनगट मुरगळलेल्याला घेऊन हॉस्पिटलात गेली, ती तिथेच अडकली. मी वळणावर झेंडा घेऊन उभी होते. दोनदा वॉकीटॉकीवर सांगितलं तुला, ती येईपर्यंत एकही गाडी सोडू नकोस.

आयोजक : पंधरा जण इंजिन सुरू करून खोळंबले होते. हौशी माणसं, आपापल्या गाड्या घेऊन पहाटे निघून आलेली. डोकं खाल्लं त्यांनी माझं! आणि ब्रेक उशिरा लावला तो त्या आदळलेल्यानंच. तुझ्या डोळ्यांदेखत.

ताई : हो. भिंतीवर आदळला तो त्याच्या चुकीनं. बावीस मिनिटं तसाच पडून राहिला तो तुझ्या.

आयोजक : सगळ्यांनी सही केलीय, 'स्वतःच्या जबाबदारीवर' म्हणून.

ताई : रुग्णवाहिका नाहीये, हे सांगून घेतलीस का सही?

आयोजक : ताई, सख्खी बहीण ना तू माझी? एवढं एक वाक्य लिही. नाहीतर मी संपलो.

ताई : त्याची मान हलू नये म्हणून दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते मी. सारखा विचारत होता, 'आली का?' मी म्हणत होते, 'आलीच, आलीच.' बावीस मिनिटं खोटं बोललेय रे. आता आणखी नाही जमायचं.

(दारावर टकटक. दारात जखमी माणसाची बायको.)

बायको : आत येऊ का? यांची बॅग इथेच राहिलीय. चष्मा आहे त्यात.

आयोजक : या, वहिनी. कसे आहेत?

बायको : ऑपरेशन झालं. पाय वाचला म्हणतात, पण चालता येईल का, ते आत्ताच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आणायला फार उशीर झाला. मी म्हटलं, ट्रॅक लांब आहे हो. …खरं तर मला हॉस्पिटलातून यायला सातच मिनिटं लागली.

ताई : सांगतोस, की मी सांगू?

आयोजक : थांब, मीच… वहिनी, बसा जरा. आमची रुग्णवाहिका इथे नव्हती.

बायको : म्हणजे बिघडली होती?

आयोजक : नाही. दुसऱ्या एकाला घेऊन गेली होती. मला माहीत होतं. ही नको नको म्हणत होती, तरी मी गाड्या सोडल्या.

बायको : माहीत होतं?

आयोजक : हो. काय हवं ते बोला मला. पोलिसांनाही हेच लिहून देतो.

बायको : पोलिसांचं नंतर बघू. हे शुद्धीवर आल्यापासून एकच घोकतायत, सगळं माझ्यामुळे झालं. चला, आधी त्यांना सांगा.